मोजलेले सील आणि न मोजलेले कोआला

हवाई बेटांच्या किनाऱ्यांवर मंक सील नावाचा प्राणी राहतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या जंगलांत, निलगिरीच्या झाडांवर कोआला राहतो. पहिल्याची संख्या सुमारे सोळाशे, दुसऱ्याची काही लाख. यात जास्त धोक्यात कोण, असं कुणालाही विचारा, उत्तर क्षणात येईल. ते उत्तर चूक नाही, पण त्याच्या जोरावर सरकारी धोरण ठरवायला गेलं की पंचाईत होते. गेल्या दहा-बारा वर्षांत सोळाशेवाला हळूहळू वाढतो आहे, आणि लाखांतला त्याच्या मूळ मुलखाच्या मोठ्या भागात घटतो आहे. माझं म्हणणं असं आहे, की प्राणी वाचणार की जाणार हे त्याच्या उरलेल्या संख्येइतकंच, किंबहुना जास्त, त्याला वाचवताना माणसाच्या कुठल्या सोयीला हात लावावा लागतो त्यावर ठरतं. ते मुद्द्यांनी मांडतो.

१. मोजणी हीच पहिली गंमत आहे. मंक सील जवळजवळ नावानिशी मोजलेला आहे. दर वर्षी संशोधक हवाईच्या वायव्येकडच्या निर्जन बेटांवर तंबू ठोकून राहतात. पिल्लांच्या मागच्या परांना बिल्ले लावतात, अंगावरच्या केसांवर ब्लीचनं नंबर काढतात, शार्कच्या चाव्यांचे आणि जाळ्यांचे व्रण फोटोंवरून ओळखतात. सुमारे बाराशे सील त्या दूरच्या बेटांवर आणि चारशेच्या आसपास होनोलुलूसारखी शहरं असलेल्या मुख्य बेटांवर, असा हिशेब त्यामुळेच देता येतो. एखादी मादी यंदा कुठल्या किनाऱ्यावर व्याली हे लोकांना ठाऊक असतं, जसं गल्लीत कुणाकडे पाळणा हलला ते कळतं.

कोआलाचं उलट. तो उंच झाडाच्या फांदीच्या बेचक्यात राखाडी गोळा होऊन दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो. झाडाखाली उभं राहूनही तो दिसेल याची खात्री नाही. मग लेंड्या शोधा, वास घेणारी कुत्री न्या, रात्री ड्रोननं अंगाची ऊब टिपा, विणीच्या हंगामात नरांच्या आरोळ्या ध्वनिमुद्रित करा. (इतक्या आळशी प्राण्याच्या गळ्यातून तसा डुकरासारखा खर्ज निघतो, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.) इतकं करूनही आकडे जुळत नाहीत. कोआलांसाठी काम करणारी एक जुनी संस्था देशात साठ हजारांहून कमी कोआला उरल्याचं सांगते. राष्ट्रीय गणना कार्यक्रमाच्या एका अंदाजात हा आकडा २ लाख २४ हजार ते ५ लाख २४ हजार होता आणि पुढचा अंदाज त्याच्याही वर गेला. एकाच प्राण्याच्या आकड्यांत इतकी तफावत असली, की जमीनवाला, लाकूडवाला आणि मंत्री असे सगळेच आपापल्या सोयीचा आकडा उचलतात.

२. म्हणून एकूण आकड्याऐवजी त्याचा कल पाहावा. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीचा प्रदेश या तिन्ही ठिकाणी मिळून २००१ मध्ये १ लाख ८५ हजार कोआला असावेत आणि २०२१ पर्यंत ते ९२ हजारांवर आले असावेत, असं ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक समितीनं धरलं. म्हणजे वीस वर्षांत निम्मे गेले. समितीच्या आकड्यांवर नंतर वाद झाला, होऊ द्या. उतार आहे हे फारसं कुणी नाकारलं नाही. मंक सील मात्र २०१३ ते २०२१ या काळात दर वर्षी सरासरी दोन टक्क्यांनी वाढला. त्याची संख्या दीड हजारावर गेल्याचं २०२२ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी जाहीर केलं, तेव्हा दोन दशकांत पहिल्यांदाच असं घडत होतं.

३. यादीतल्या शिक्क्यांबद्दल थोडक्यात. मंक सील अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली १९७६ पासून आहे. कोआलाला वर सांगितलेल्या तीन प्रदेशांपुरता ‘असुरक्षित’ हा शिक्का २०१२ मध्ये मिळाला आणि १२ फेब्रुवारी २०२२ ला तो ‘संकटग्रस्त’ झाला. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातला कोआला या यादीत नाहीच. मरे नदीच्या उत्तर तीरावर जो प्राणी संकटात, तोच दक्षिण तीरावर निर्धास्त. त्याला नकाशा वाचता येत नाही हे बरंच आहे.

४. शिकार थांबवणं दोघांच्याही बाबतीत सोपं गेलं, हे ध्यानात ठेवायला हवं. क्वीन्सलँडच्या सरकारनं १९२७ च्या ऑगस्टमध्ये कोआलाच्या शिकारीला महिनाभर मोकळीक दिली आणि तेवढ्यात सहा लाखांच्या आसपास कोआला मारले गेले. कातडी परदेशी फरच्या बाजारात जात होती. लोक खवळले. वर्तमानपत्रं, चर्च, शिक्षक, सगळे तुटून पडले, आणि पुन्हा तशी मोकळीक द्यायची हिंमत कुठल्या सरकारला झाली नाही. मंक सीलला एकोणिसाव्या शतकात तेल-कातड्यासाठी मारणारी गलबतं माल संपल्यावर आपोआप निघून गेली. त्याचा कॅरिबियन समुद्रातला भाऊबंद तेवढा नशीबवान नव्हता. तो शेवटचा १९५२ मध्ये दिसला आणि २००८ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला.

फरचा कोट न घालण्यानं कुणाच्या घरची चूल बंद पडत नव्हती. म्हणून १९२७ चा संताप कामी आला. आज कोआला ज्या कारणानं मरतो त्यावर तसा संताप का होत नाही, ते सहाव्या मुद्द्यात येईल.

५. आधी सीलचं यश नीट समजून घेऊ, कारण त्याचं कौतुक करताना लोक त्यातलं सोपं काय होतं ते विसरतात.

आज जिवंत असलेल्या मंक सीलांपैकी सुमारे तीस टक्के सील माणसाच्या थेट मदतीमुळे जगले आहेत, असा अमेरिकेच्या सागरी खात्याचा हिशेब आहे. म्हणजे ज्याच्या गळ्यात जाळ्याचा फास बसला होता तो कापला, ओठात अडकलेला गळ काढला, शार्क टपून बसलेल्या किनाऱ्यावरून पिल्लू उचलून दुसऱ्या बेटावर नेलं, किंवा वाळलेलं पिल्लू कोना इथल्या सीलांच्या रुग्णालयात खाऊपिऊ घालून परत सोडलं, त्यातला एखादा, किंवा अशा मादीचं पोर. हे काम कमालीच्या चिकाटीचं आहे. पण त्यात वाचवणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये तिसरं कुणी येत नाही. समुद्रात वाहून आलेल्या बेवारस जाळ्याचा मालक पुढे येऊन ‘माझं जाळं का कापलंत’ असं विचारत नाही.

दुसरी मदत कायद्यानं केली. वायव्येकडच्या बेटांभोवतीचा समुद्र २००६ मध्ये संरक्षित झाला, पुढे त्याला पापाहानाउमोकुआकेआ हे नाव मिळालं आणि २०१६ मध्ये तो जवळजवळ पंधरा लाख चौरस किलोमीटरपर्यंत वाढवला गेला. महाराष्ट्राच्या पाचपटीहून थोडं कमी. मोठ्या मासेमारी बोटींच्या मालकांनी विरोध केला खरा. पण तिथे शेत नव्हतं, गाव नव्हतं, प्लॉट पाडून विकायची जमीन नव्हती. ज्या जागेवर मतदार राहत नाहीत, ती जागा प्राण्याला देणं कुठल्याही सरकारला परवडतं. मी यात कुणाचा उदारपणा कमी लेखत नाही, फक्त किंमत किती पडली ते सांगतो आहे.

आणि त्या रिकाम्या जागेलाही तळ नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात वलाका नावाचं चक्रीवादळ आलं आणि लालो प्रवाळद्वीपातलं ईस्ट बेट जवळपास पुसलं गेलं. चार-साडेचार हेक्टर वाळू, पण सीलांच्या माद्या तिथे विण्यासाठी येत. वाढत्या समुद्रापुढे अशी सखल बेटं फार दिवसांची सोबती नाहीत. मग सीलला मुख्य बेटांवर, म्हणजे माणसांत, यावं लागेल. तिथली गोष्ट आठव्या मुद्द्यात सांगतो.

६. आता कोआलाची जागा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा वाद या एका गोष्टीत आहे.

निलगिरी म्हटलं की आपल्याला सर्दीचं तेल आठवतं, नाहीतर बांधावरचं पाणी पिणारं उंच झाड. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत, आणि कोआला त्यातल्या मोजक्याच आवडीनं खातो. पानं तंतुमय, विषारी, पौष्टिकपणा जेमतेम. ती पचवायला त्याच्या पोटात भलंमोठं आंधळं आतडं आहे आणि त्यात खास जिवाणू. पिल्लू आईच्या पोटपिशवीतून बाहेर येण्याच्या सुमारास तिची एक मऊ विष्ठा खातं, म्हणजे ते जिवाणू त्याच्या पोटात उतरतात. आपल्याकडच्या बाळगुटीची आठवण व्हावी, असा प्रकार. असल्या कदान्नावर जगायचं तर निदान झाड चांगल्या मातीतलं हवं. सुपीक, ओलसर, सपाट जमिनीवरच्या निलगिरीच्या पानांत पोषण जास्त असतं. म्हणून कोआला तिथे राहतो.

आणि माणूसही तिथेच राहतो. आधी शेती आली ती नदीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या सुपीक सपाटीवर, मग त्याच शेतांच्या कडेनं उपनगरं. उरली ती डोंगराळ, खडकाळ जमीन. तिथली झाडं कोआलाला नुसती ठिगळासारखी. ब्रिस्बेनच्या आग्नेयेला एका पट्ट्याला लोक कौतुकानं ‘कोआला कोस्ट’ म्हणत. १९९६ ते २०१४ या अठरा वर्षांत तिथले कोआला ऐंशी टक्क्यांनी घटले. आणि हे कुठे, तर जिथे कोआलासाठी खास नियोजनाचे नियम केलेले होते! नियमांत झाड तोडायला बंदी असते, अपवाद असतात, अपवादांना भरपाई असते: इथली झाडं तोडा, तिकडे नवी लावा. रोप लावल्याचा फोटो निघतो. कोआलाला बसता येईल, खाता येईल एवढं झाड व्हायला वर्षानुवर्षं जातात, तोवर त्यानं काय करावं याचं कलम कुठल्याच आराखड्यात नसतं.

तो खाली उतरतो. एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जायला जमिनीवरून चालतो, आणि मध्ये रस्ता येतो, कुंपण येतं, परसातला कुत्रा येतो. सिडनीच्या नैर्ऋत्येला, कॅम्पबेलटाउनजवळ कोआलांची एक वस्ती आहे. क्लॅमिडियाच्या रोगानं पोखरलेल्या राज्यात ती बरीचशी निरोगी राहिली म्हणून मोलाची. तिच्याच मधून ॲपिन रोड जातो, आणि दोन्ही बाजूंना नव्या घरांच्या योजना. रस्त्याखालून कोआलांना जाता येईल असे बोगदे आणि कडेनं कुंपण व्हावं म्हणून तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. सिडनीच्या त्या बाजूच्या उपनगरांत आता भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत, मराठीही आहेत. परक्या देशात पहिलं स्वतःचं घर घेणाऱ्याला ‘तुझं घर एका झाडावर उभं आहे’ असं सांगणं क्रूरपणाचं होईल, आणि तसं मी म्हणतही नाही. घर घेणारा दोषी नाही. पण घरं कुठे बांधायची हे ठरवणाऱ्या खोलीत त्याचा प्रतिनिधी बसलेला असतो आणि कोआलाचा नसतो.

सप्टेंबर २०२० मध्ये हे उघड्यावर आलं. न्यू साउथ वेल्सच्या सरकारनं कोआलाच्या जागेच्या व्याख्येत झाडांच्या जाती वाढवल्या, तेव्हा आघाडीतल्या ग्रामीण पक्षाच्या नेत्यानं पाठिंबा काढण्याची धमकी दिली. लोकांनी त्याला कोआला-युद्ध असं नाव ठेवलं. त्याच वर्षी जूनमध्ये विधिमंडळाच्या चौकशी समितीनं सांगितलं होतं, की तातडीनं काही केलं नाही तर २०५० च्या आत राज्यातला जंगली कोआला संपेल. आधीच्याच उन्हाळ्यात त्याची जंगलं जळून राख झालेली. समितीचा अहवाल, राख आणि धमकी हे सगळं एकाच वर्षात! सीलसाठी कधी कुठलं सरकार पडायला आलं होतं, असं माझ्या वाचनात नाही.

७. यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो घेणाऱ्याला मी उडवून लावणार नाही: व्हिक्टोरियात तर कोआला फार झालेत, त्याचं काय?

झालेत, काही ठिकाणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थोडे कोआला फ्रेंच आयलंड नावाच्या बेटावर नेले गेले. तिथे शत्रू नव्हता, रोग नव्हता. ते बेसुमार वाढले आणि पुढे त्यांचेच वंशज राज्यभर सोडण्यात आले. १९२० च्या दशकात काही कोआला कांगारू आयलंडवर नेले, तिथेही तेच. व्हिक्टोरियातल्याच केप ओटवेला कोआलांनी झाडांची पानं ओरबाडून झाडंच मारली, उपासमार सुरू झाली, आणि २०१३-१४ मध्ये राज्य सरकारनं गाजावाजा न करता सुमारे सातशे कोआलांना इंजेक्शन देऊन मारलं. लोकांना कळलं २०१५ मध्ये. २०२५ मध्ये बज बिम राष्ट्रीय उद्यानात वणवा लागला, तेव्हा होरपळलेल्या, उपाशी शेकडो कोआलांना हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालाव्या लागल्या.

पण यातून ‘कोआला भरपूर आहेत’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे एका तालुक्यात पूर आला म्हणून शेजारच्या तालुक्यात दुष्काळ नाही म्हणण्यासारखं. केप ओटवेचे कोआला उपाशी मेले कारण जंगलाचा तुकडा लहान होता आणि पुढे जायला वाट नव्हती. उत्तरेत झाड उरत नाही म्हणून कोआला मरतो, दक्षिणेत एकाच तुकड्यात कोंडल्यामुळे मरतो. दोन्हीकडे प्रश्न जागेचाच. शिवाय मूठभर पूर्वजांपासून आलेली ही दक्षिणेची मंडळी रक्तानं इतकी जवळची आहेत, की त्यांना उत्तरेचा राखीव साठा समजणंही धोक्याचं.

८. सीलच्या पारड्यात मी आतापर्यंत सोपं ते टाकलं. आता अवघड: मांजर.

मुख्य हवाई बेटांवर मंक सीलला मारणाऱ्या कारणांत टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी वरच्या क्रमांकावर आहे. त्याचं पूर्ण जीवनचक्र फक्त मांजराच्या आतड्यात घडतं. लागण झालेलं मांजर विष्ठेतून त्याची अंड्यांसारखी सूक्ष्म कवचं लाखांनी टाकतं, ती मातीत महिनोन्महिने टिकतात, पावसानं ओढ्यात, ओढ्यातून समुद्रात जातात आणि तिथून सीलच्या पोटात. बरेचदा आजार लक्षात येतो तेव्हा सील वाचवण्यापलीकडे गेलेला असतो. त्यात माद्याच जास्त दगावल्या आहेत. मुख्य बेटांवर सगळे मिळून चारशे सील, त्यात विणाऱ्या माद्या किती असणार? एक गेली तर तिची पुढच्या पंधरा-वीस वर्षांतली पिल्लंही गेली.

हवाईत मांजर मूळचं नाही, युरोपीय जहाजांबरोबर आलं. आज बेटांवर भटक्या मांजरांच्या वसाहती आहेत आणि त्यांना रोज संध्याकाळी वाडग्यात खाऊ नेऊन देणारी माणसं आहेत. ही माणसं दुष्ट नाहीत. बहुतेक एकटी, कनवाळू, स्वतःच्या खिशातून खर्च करणारी. पुण्या-मुंबईत कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याचा विषय निघाला की काय होतं ते ज्यानं पाहिलंय, त्याला हवाईतल्या सभांचं वर्णन करून सांगायची गरज नाही. हवाई बेटाच्या काउंटीनं २०२५ मध्ये आपल्या जागांवर भटक्या जनावरांना खायला घालायला बंदी करणारा नियम केला, तेव्हा खडाजंगी झालीच.

माझी बाजू इथे स्पष्ट आहे. मांजर घरात ठेवा, निर्बीजीकरण करा. किनाऱ्याजवळची, ओढ्याकाठची खाऊ घालण्याची ठिकाणं बंद करा आणि तिथली मांजरं हलवा. निर्बीज केलेलं मांजरही विष्ठा टाकतंच. एका प्राण्यावरची माया दुसऱ्याच्या मृत्यूचं कारण होत असेल तर मायेचीही मोजदाद करावी लागते. जाळं कापायला हजार हात पुढे आले, वाडगा उचलायला कुणी येत नाही. सीलचा प्रश्न माणसाच्या सोयीला, किंवा ममतेला म्हणा, पहिल्यांदा भिडला तो इथे, आणि लगेच त्याची अवस्था कोआलासारखी झाली.

९. राग. तो प्राण्यावर निघतो, पण असतो दुसऱ्या कुणावर.

मोलोकाई आणि काउआई बेटांवर मंक सीलांना गोळ्या घालून, डोक्यात घाव घालून मारल्याच्या घटना झाल्या आहेत. हवाई राज्यानं २०१० मध्ये हा गंभीर गुन्हा ठरवला, तरी २०२१ मध्ये मोलोकाईवर तीन सील मारले गेले. काही स्थानिक कोळ्यांचं म्हणणं, हा प्राणी आमचा नाही, सरकारनं आणून सोडला. हे खोटं आहे. हवाई बेटावरच्या जुन्या वस्तीच्या उत्खननात, युरोपीय येण्याआधीच्या थरांत, सीलची हाडं सापडली आहेत, आणि हवाई भाषेत त्याला खवळलेल्या पाण्यात धावणारा कुत्रा अशा अर्थाचं नाव आहे. पण खोट्याला एक खरा दाणा होता. १९९४ मध्ये वायव्येकडच्या लायसन बेटावरचे एकवीस आक्रमक नर, माद्यांना जखमी करतात म्हणून, खरोखरच मुख्य बेटांकडे आणून सोडले होते. लोकांना नीट सांगितलं नाही, विचारलं तर नाहीच. मग अफवेला पाय फुटले.

आपल्याकडे माळढोकाचं हेच झालं. सोलापूर-अहमदनगरचा ८,४९६ चौरस किलोमीटर टापू १९७९ मध्ये अभयारण्य म्हणून कागदावर आला. त्यात गावंच्या गावं, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं. पुढे ते क्षेत्र छाटून बाराशेच्या घरात आणलं, पण तोवर पक्ष्याचं नाव निघालं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली होती. त्याच अभयारण्यातल्या नान्नजला आज माळढोक दिसला तर बातमी होते.

१०. सुई आणि फोटो. सप्टेंबर २०२५ मध्ये कोआलासाठीच्या क्लॅमिडियाच्या लसीला ऑस्ट्रेलियात मान्यता मिळाली. एकच मात्रा पुरते. हा रोग कोआलाला आंधळा आणि वांझ करतो; काही वस्त्यांत निम्म्याहून जास्त कोआला बाधित असतात; आणि प्रतिजैविकं दिली तर पानं पचवणारे ते पोटातले जिवाणूच मरतात, म्हणजे रोगी बरा होऊन उपाशी मरायचा. लस ही खरोखर मोठी गोष्ट आहे, तिच्यामागे क्वीन्सलँडच्या विद्यापीठातल्या लोकांची दशकभराहून जास्त मेहनत आहे. मंक सीलांनाही २०१६ पासून एका विषाणूविरुद्ध लस देतात.

तरी सावध राहावं. लसीनं कुणाचा प्लॉट अडत नाही, म्हणून ती सगळ्यांना आवडते. कोआलाच्या दंडात सुई टोचतानाचा फोटो छान येतो. त्याला मांडीवर घेऊन काढलेला पर्यटकाचा फोटोही छानच येई. ब्रिस्बेनच्या लोन पाइन या १९२७ पासूनच्या कोआला-उद्यानानं तो प्रकार २०२४ च्या जुलैमध्ये बंद केला, चांगलं केलं. पण बाहेर सोडल्यावर लस टोचलेला कोआला कुठल्या झाडावर चढणार, हे फोटोत दिसत नाही.

११. मग मागायचं काय? सीलसाठी वाडगा, तो झाला. कोआलासाठी दोनच गोष्टी. पहिली, जिथे कोआला आहेत तिथलं उभं जंगल तोडून भरपाई दुसरीकडे, हा व्यवहारच बंद. रस्ता होणार असेल तर बोगदा आणि कुंपण आधी, डांबर नंतर. दुसरी, सरकारी जंगलातली लाकूडतोड थांबवायची आणि त्यावर पोट असलेल्यांना पगार, प्रशिक्षण, भरपाई रोख द्यायची. हे जमतं. व्हिक्टोरियानं नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड १ जानेवारी २०२४ पासून बंद केली, आणि त्यामागे ग्लायडर, लेडबीटर पॉसम असल्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पिशवीवाल्यांसाठी नागरिकांनी कोर्टात लढवलेले खटले होते. न्यू साउथ वेल्सनंही सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर किनाऱ्यालगत १ लाख ७६ हजार हेक्टर सरकारी जंगल जोडून कोआलांचं मोठं राष्ट्रीय उद्यान करण्याची घोषणा केली आणि त्या टापूतली तोड थांबवली. मागणी जुनी होती, आश्वासनही जुनं, आणि आश्वासन देऊन निवडून आल्यावर मधली दोन वर्षं करवती चालूच होत्या. उद्यानाचं अंतिम रूप कार्बन क्रेडिटच्या नोंदणीवर अवलंबून ठेवलं गेलं. म्हणजे झाड उभं राहायचं तर त्यानं आधी आपली कमाई दाखवायची.

१२. शेवटी वायकिकीचं एक दृश्य. हॉटेलांच्या रांगेच्या टोकाला काइमाना नावाचा छोटा किनारा आहे, पर्यटकांनी गजबजलेला. २०१७ मध्ये तिथे एक मादी व्याली. २०२२ मध्ये पुन्हा तीच आली, आणि पिल्लाजवळ गेलेल्या एका पोहणारीला तिनं चावून जखमी केलं. २०२३ मध्ये दुसरी मादी तिथेच व्याली, तेव्हा राज्यानं दोर बांधले, पाट्या लावल्या, रात्रंदिवस पहारा बसवला. सीलची आई पिल्लाला पाजताना सुमारे सहा आठवडे स्वतः काही खात नाही, अंगावरची चरबी वितळवून दूध देते, आणि मग एके दिवशी त्याला सोडून समुद्रात निघून जाते. तेवढे आठवडे जगातल्या महागड्या किनाऱ्यांपैकी एकावर लोक दोराच्या अलीकडे, टॉवेल पसरून, गप्प बसले. मग दोर गुंडाळले गेले. कोआलाच्या झाडाभोवती दोर बांधायचा तर तो दोन-तीन पिढ्या धरून उभं राहावं लागेल, आणि ॲपिन रोडच्या दोन्ही बाजूंना तेवढा वेळ उभं राहायला अजून कुणी तयार झालेलं नाही.